नसलेल्या पायाची गाठ

होम्स परगणा, ओहायो
६ मार्च, शुक्रवार

एनस दादा,

जिवंत आहेस की अस्वलाने खाल्लं? खाल्लं असेल तर अस्वलाला माझा नमस्कार सांग. पोट बिघडलं तर म्हणावं इकडे ये, तळवे दाबून देते. हसू नकोस! तुझी बहीण आता लोकांचे पाय दाबते. मॅटी काकूंच्या अंगठ्यांनी संप केला. चाळीस वर्षं गावाचे तळवे रगडले, आता त्यांना कपाचा कान धरवत नाही. म्हणून त्यांच्या जीन-लगामाच्या दुकानामागची ती खोली, ती मागे रेलणारी खुर्ची, भिंतीवरचा तळव्यांचा नकाशा, सगळं माझ्या गळ्यात. आई म्हणते, "जिने जन्मभर लोकांच्या पायात पाय घातले, तिच्याच हातात देवाने गावाचे पाय दिले. त्याला पण चेष्टा कळते."

शिकले मी भराभर. शाळेत आठ वर्षांत शिकले नाही तेवढं सहा आठवड्यांत. (तू म्हणशील त्यातली चार वर्षं कोपऱ्यात उभी होतीस. ती पण शिकण्यातच धर.) अंगठा सुरवंटासारखा चालवायचा, वाकवायचा, सरकवायचा. कुठे साखरेसारखी कणी लागली की थांबायचं, तिथे दुखणं. अंगठा म्हणजे डोकं, बोटांखालचा उंचवटा छाती, मधला खड्डा पोट, टाच म्हणजे कंबर. आणि हृदय डाव्या तळव्यात, करंगळीच्या अंगाला. हे शेवटचं लक्षात ठेव, परीक्षा घेईन.

परवा एक इंग्लिश बाई, म्हणजे आपल्या बग्गीवाल्या पंथाबाहेरची, मोटार घेऊन आली. म्हणे, "माझ्या पायावरून काय काय कळतं गं?" मी डोळे मिटले, लांब श्वास घेतला, म्हटलं, "बाई, तुम्ही घरात मांजरावर ओरडता." बाई पांढरीफटक! अरे, मोज्यांवर केस आणि घोट्यावर ओरबाडे. काकू नंतर मला झाडूने मारायला धावल्या, पण त्यांना झाडू धरवला नाही.

आता मुद्द्याचं. गुरुवारी दुकान बंद करून महलॉन काका स्वतः खुर्चीत बसतात. उजवा पाय माझ्या मांडीवर. डावा, तुला माहीतच आहे, गुडघ्याखाली वीतभर खुंट आणि पुढे हवा. काल पहिल्यांदाच मी उजवा दाबला, टॉवेल झटकला. काकू म्हणतात, "डावा?"

म्हटलं, "काकू, डावा कुठाय?"

"जिथे असायला हवा तिथे. मी दोन वर्षं दाबतेय. दाब."

मी काय सोडते! मोठ्या गंभीर चेहऱ्याने हवेत अंगठे चालवले, काकूंकडे बघून डोळे फिरवले. काकांच्या तोंडावर टोपी, त्यांना काही दिसत नव्हतं. नाक खाजवायला थांबले, तर टोपीखालून आवाज, "का थांबलीस?"

मग मुद्दाम टाच अर्धी टाकून करंगळीवर गेले. "उड्या मारू नकोस. बेडूक आहेस का?"

दादा, माझे हात हवेत होते. शपथ. आणि शेवटी म्हणाले, "आधी बूट काढ गं पोरी. बुटावरून काय दाबतेस?"

तो पाय त्यांना दिवसभर दुखतो. बोटं मुडपलीत, टाच चेपलीय, सरळ करता येत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणतात पुन्हा कापू, ह्या वेळी गुडघ्याच्या वरून, फरक पडला तर पडला. सत्तावीस एप्रिल ठरलीय. गुडघा गेला की बग्गीत चढणं गेलं, दुकानातलं पायाचं शिलाई यंत्र गेलं. काकूंनी त्या दिवसापासून जेवणात मीठ घातलेलं नाही, विसरतात.

त्यांचं म्हणणं एकच. पाय नीट पुरला गेला नाही. आपल्याकडे बोटाचं पेर तुटलं तरी सरळ करून पुरतात, नाहीतर माणसाला ते वाकडंच दुखतं, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. पाय तू पुरलास. तर नीट आठवून लिही. कुठे, कसा, बोटं कुठल्या दिशेला.

तुझी (आणि गावाच्या तळव्यांची)
ड्रुसी


मोंटाना
१४ मार्च

ड्रुसे,

अस्वलं इथली शहाणी आहेत, ओहायोचं खात नाहीत. बर्फ गुडघाभर आहे. लाकूड तोडणं चालू आहे.

तू पाय दाबतेस हे इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. एकाने विचारलं, ती गुदगुल्या करते का? म्हटलं, पैज लावतो.

काकांचा पाय नीट पुरलाय. कबरस्तानात, ईशान्य कोपऱ्यात, आजोबांच्या दगडाजवळ. बोटं सरळ, वरच्या बाजूला. बूट नव्हता. काकूंना सांग मनातून काढून टाका. डॉक्टरांना शेवटी जास्त कळतं. दोन वर्षांपूर्वीची जमीन उकरून कुणाचं भलं झालंय?

आईला सांग मोजे पोचले.

एनस


होम्स परगणा
२० मार्च, शुक्रवार

दादा,

तुझं पत्र काकूंना वाचून दाखवलं. "बरं," म्हणाल्या. मग उठून चुलीपाशी गेल्या. तिथे काकांचा उजवा बूट आहे, माहीत आहे तुला? दोन वर्षं तिथेच उभा. नकली पायाला वेगळाच जोड लागतो, त्यामुळे हा कुणी घालत नाही. दर शनिवारी काकू त्याला चरबी चोळतात. एकट्याला. मला म्हणाल्या, "डावा मी एनसकडे मागितला होता. म्हणाला, चिंध्या झाल्या. करवतीने घोट्याच्या वरून कापला, आणि बुटाच्या चिंध्या कशा झाल्या गं?"

मी म्हटलं, "मला काय विचारता, मी गणितात नापास."

पण खरंच, कशा झाल्या?

काल गुरुवार होता. ह्या वेळी मी चेष्टा केली नाही. नीट दाबलं, हात सरकावेत म्हणून कॉर्नस्टार्चची पूड सुद्धा लावली. (हसलास? हवेला कॉर्नस्टार्च. काकू पण हसल्या, पहिल्यांदाच महिन्याभरात.) टाच झाली, पोट झालं. छातीपाशी आले, करंगळीच्या बाजूला, तर काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "तिथे नको. तिथे ओढतंय."

"काय ओढतंय?"

"कुणीतरी दोरी बांधून ओढतंय पायाला. एकसारखं. मी झटका देतो, सुटत नाही."

मी आपली तोंडाळ, पटकन म्हणून गेले, "काका, ती शेपूट तर केव्हाच निघाली!"

टोपी उचलून बघितलं माझ्याकडे. "कसली शेपूट?"

जीभ चावली मी. त्यांना माहीतच नाही! तुला आठवतं ना त्या दिवशीचं? मी ग्लिकच्या सॉ मिलवर तुझा डबा घेऊन आले होते. जेवून सगळे आडवे, काका ओंडक्यांवर घोरत होते. मी त्यांच्या डाव्या बुटाच्या लेसला नारिंगी सुतळी बांधली, ती गवताच्या पेंढ्यांची, तिच्या टोकाला मक्याचं कणीस. म्हणजे उठून चालले की मागे शेपूट! आणि हसत घरी पळाले. तासाभराने बातमी आली. पँटचा पाय करवत फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला, पट्ट्याने ओढलं, करवतीने कापलं. मी भिंतीला टेकून उभी होते, दात वाजत होते. तू आलास, रक्ताने माखलेला, आणि सगळ्यात आधी माझ्या कानात म्हणालास, "शेपूट मी भोंगा व्हायच्या आधीच काढली होती. ऐकलंस? आधीच."

ते एक वाक्य बोलला नसतास तर मी आज वेड्यांच्या घरात असते. कधी म्हटलं नाही तुला, आता म्हणते.

आणि तसंही माझी गाठ म्हणजे सुरगाठ. एक झटका, सुटली. निरगाठ मी मारत नाही कधी. चेष्टा कशी हवी, झटकली की सुटली पाहिजे. हा माझा कायदा आहे, बिशपच्या कायद्याइतका जुना.

पण काका दोरी म्हणतात. बूट म्हणतात. खरं सांग, तू बुटासकट पुरलास का? घाईत? मी ओरडणार नाही. मीही असते तर घाईच केली असती.

ड्रुसी


मोंटाना
२८ मार्च

ड्रुसी,

बूट नव्हता. एकदा लिहिलं, पुन्हा लिहितो. कबरस्तानात आहे, सरळ आहे. खोदू नका. देवाची जागा आहे ती.

दुखणाऱ्या माणसाला काहीही वाटतं. दोरी वाटेल, उद्या घोडा वाटेल.

शेपटीचं कुणाजवळ बोलू नकोस. काकांजवळ नाही, काकूंजवळ नाही. जे निघालं होतं त्याचं आता काय बोलायचं?

तुझ्या पत्रात माझ्यासाठी दुसरं काही नसतं का? वासरू झालं का? आईच्या गुडघ्याचं काय?

एनस


होम्स परगणा
४ एप्रिल, शनिवार

एनस,

वासरू झालं. आईचा गुडघा आहे तिथेच आहे. काकांचा पाय नाही.

खोदलं आम्ही. मी आणि काकू, बुधवारी सकाळी, भर उन्हात. मी विचारलं, "बिशपना विचारायला नको?" काकू म्हणाल्या, "नवरा माझा, पाय माझ्या नवऱ्याचा. बिशपचा काय संबंध?" आणि दोन्ही मनगटांनी फावडं कवटाळून मातीवर उभ्या राहिल्या. त्यांना काही जमत नव्हतं, पण बाजूलाही होत नव्हत्या.

आजोबांच्या दगडाजवळ ईशान्येला खोदलं. मग आग्नेयेला, तू दिशांमध्ये कच्चा म्हणून. मग सगळीकडे. माती कोरी आहे, दादा. कधी फावडं लागलेलंच नाही तिला. चिकणमातीचा थर जसाच्या तसा, केकसारखा.

खड्डे बुजवले, गवत परत बसवलं. बग्गीत बसताना काकू म्हणाल्या, "एनस पोरगा खोटं बोलणारा नव्हता. ते खातं तुझं होतं."

मला लागलं ते. खरं आहे म्हणून जास्त लागलं.

तेवीस दिवस उरले. काका आता खुर्चीतच बसून असतात, पलंगावर आडवं होता येत नाही. परवा एक गिऱ्हाईक लगाम दुरुस्तीला आलं, काका शिलाई मारता मारता एकदम खाली वाकले आणि हवेत हात घालून लेस सोडायला लागले. बोटांनी. नसलेल्या बुटाची. गिऱ्हाईक लगाम तिथेच टाकून गेलं.

आणि मला काय होतंय सांगू? माझे अंगठे घरी आले तरी तो पाय सोडत नाहीत. भाकरीचं पीठ मळताना हाताखाली टाच येते. गाईला हात लावला की घोटा. काल मी रजईवरून हात फिरवला आणि बोटं मोजली. पाच. सगळी मुडपलेली. आधी वाटलं मी दमले. दमले नाही. तो पाय कुठेतरी आहे आणि त्याला मी सापडलेय.

कुठे आहे तो? आता खोटं बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

ड्रुसी


मोंटाना
११ एप्रिल

ड्रुसी,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

खरं हे आहे. त्या दिवशी मशीनच्या दांड्यावर मी होतो. काका पट्ट्याखालचा भुसा ओढत होते. त्यांनी हात वर केला की मी दांडा ओढायचा, असा नियम. मी आधीच ओढला. लक्ष नव्हतं. त्यांचा पाय माझ्यामुळे गेला. म्हणून मी इथे आलो, म्हणून खोटं बोललो. कबरस्तानापर्यंत जायची माझी हिंमत झाली नाही. वाटेत कुणी विचारलं असतं तर तोंडातून सगळं निघून गेलं असतं.

पाय आपल्या मळ्यात आहे. झऱ्यावरच्या दूध गार ठेवायच्या खोलीमागे अक्रोडाचं झाड आहे, त्याच्या पूर्वेच्या मुळाजवळ, हातभर खाली. चरबीच्या डब्यात. डबा लहान होता. बूट काढला नाही, वाकवून बसवला, झाकण हातोडीने ठोकलं. काका जे सांगतात ते सगळं बरोबर आहे. टाच, बोटं, सगळं.

आता ऐक. डबा काढ. तसाच कबरस्तानात ने आणि आडवा ठेव, उताणा. उघडू नकोस. डबा सरळ झाला की पाय सरळ होईल, तेवढं पुरे. काकूंना बरोबर नेऊ नकोस. उघडू नकोस, ड्रुसे. माझ्यासाठी एवढं कर. आयुष्यात एकदा कुणाचं ऐक.

हे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, माझ्या दृष्टीने. पण माणसाचा गुडघा जातोय आणि मी इथे गप्प बसून झाडं कापतोय, हे जमेना.

काकांना सांगायचं असेल तर माझं नाव सांग. दांड्याचं सांग. मी ते कबूल करीन.

एनस


होम्स परगणा
१७ एप्रिल, शुक्रवार

दादा,

मला "उघडू नकोस" म्हणून कुणी कधी काही बंद ठेवलंय? तुला माहीत होतं. आठव्या वर्षी तू नाताळची पेटी लपवली होतीस तेव्हापासून माहीत आहे. तरी लिहिलंस. आता मला वाटतं, तुला अर्धं हवं होतं मी उघडावं आणि अर्धं नको होतं.

काल सकाळी अकराला काढला. डबा गंजलेला, झाकण मातीत विरघळल्यासारखं. छिन्नीने उचकटलं. वास नव्हता. ओल्या पानांसारखा काहीतरी होता फक्त. आत बूट, घोट्यात मोडून घातलेला, टाच वर, टोक खाली. चामडं काळं पडलेलं. लेस कुजून दोऱ्यासारखी.

आणि सुतळी नारिंगी.

प्लास्टिकची ना ती, तिला काय होतं? काल बांधल्यासारखी लखलखीत. त्या सगळ्या काळ्यात एकटीच नारिंगी. हातभर तुकडा, टोक सुरीने कापलेलं, सरळ.

तू काढली नव्हतीस. कापली होतीस. आधी नाही, नंतर.

मी बराच वेळ अक्रोडाला टेकून बसले. मग वाटलं, असू दे, पण सुरगाठ आहे ना. सुरगाठ पट्ट्यात गेली असती तरी झटक्याने सुटलीच असती, म्हणजे सुतळीने काही झालं नसणार, पँटच असणार. मी टोक धरलं आणि झटका दिला.

सुटली नाही.

दुसरा दिला. नाही.

निरगाठ होती, दादा. मी जवळून बघितली. माझीच, डावीकडून वेढा घेतलेली, असं डावखुरं गावात दुसरं कुणी बांधत नाही. आणि मग हातांना आठवलं, मला नाही, हातांना. सुतळी नवी होती, गुळगुळीत, लेसवर टिकत नव्हती, सरकत होती. कणीस दोनदा पडलं. म्हणून मी एक वेढा जास्त घेतला. एकच. दातांनी ओढून घट्ट केला आणि पळाले. चिमणी दाणा टिपते तेवढा वेळ लागला असेल.

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, माझी गाठ झटकली की सुटते.

तू डबा ठोकून बंद केलास तो ह्यासाठी. बूट परत दिला असता तर काकूंनी लेस सोडायला घेतली असती, आणि गाठ बघून सगळ्या गावाने माझं नाव घेतलं असतं. दांडा तू आधी ओढला नव्हतास. मला हे तुझ्या पत्रावरूनच कळायला हवं होतं. तू खोटं बोलताना वाक्यं लहान करतोस.

पुढचं ऐक. लेस कापली. बूट उघडला, पुस्तकासारखा. मोजा काढला. मी घाबरेन असं वाटलं होतं, पण माझे अंगठे त्याला ओळखत होते. सहा आठवडे तेच दाबत होते ना. काकूंच्या टॉवेलवर सगळी हाडं मांडली, नकाशाप्रमाणे. टाच, मग घोट्याखालचे खडे, मग लांब पाच, मग बोटं. बोटांची हाडं नखाएवढी असतात, माहीत आहे? सरळ केली एकेक. करंगळीचं सगळ्यात शेवटचं पेर मिळत नव्हतं, मोज्याच्या टोकात सापडलं. हृदयाच्या जागेवर काही नव्हतं. तिथे हाडच नसतं, नुसता मऊ भाग असतो, तो केव्हाच गेला. मी तिथे अंगठा टेकवला टॉवेलवर. थंडगार होतं.

कबरस्तानात पुरला. बोटं वर. ह्या वेळी खरंच ईशान्येला.

सुतळी माझ्या खिशात आहे.

आता काकांकडे निघालेय सांगायला. आधी हे पत्र पेटीत टाकते, म्हणजे मला परत फिरता येणार नाही.

ड्रुसी


मोंटाना
२३ एप्रिल

ड्रुसे,

आता तू सांगितलं असशील. माझं पत्र पोचून काही बदलायचं नाही.

दांडा मी हात वर झाल्यावरच ओढला. कणीस पट्ट्याच्या चाकात गेलेलं मी पाहिलं. काकांनी पाय झटकला. दोनदा. मी दांडा सोडेपर्यंत झालं होतं. सुतळी कापताना गाठ पाहिली. डावखुरी.

तू सतरा वर्षांची होतीस, भिंतीला टेकून दात वाजवत उभी. मला सुचलं ते बोललो. मग रोज ते खरं ठेवायला लागलं. तू समोर हसायचीस, चेष्टा करायचीस, आणि मला प्रत्येक वेळी नारिंगी दिसायचं. वाटलं, मी लांब गेलो तर तू हसती राहशील. कुणीतरी एकाने ते वाहायचं होतं, तर माझे खांदे रुंद.

पण काकांचा पाय मला इथेही ओढायचा. झोपेत माझाच पाय झटकायचो. बाजूचा पोरगा म्हणायचा, काय रे, कुणी बांधून ठेवलंय का तुला?

मागच्या गुरुवारी सकाळी ते थांबलं. इथले साधारण साडेनऊ असतील. तुझ्याकडे तेव्हा साडेअकरा.

काका काय म्हणाले ते लिही. चेष्टा करायची तर कर, पण लिही.

एनस


होम्स परगणा
१४ मे, गुरुवार

दादा,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही हाताला लागेपर्यंत थांबले होते.

त्या दिवशी मी दुकानात शिरले तर काकू दारातच. "तू काय केलंस? काल साडेअकराला हे एकदम म्हणाले, 'कोण बूट काढतंय? हळू काढ.' आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा पलंगावर जाऊन आडवे झाले, ते आत्ता उठतायत."

मी सगळं सांगितलं. खिशातून सुतळी काढून काउंटरवर ठेवली. लगामांच्या ढिगात ती कशी दिसत होती, सांगता येत नाही.

काकांनी ती हातात घेतली. गाठ फिरवून बघितली, चामड्यावर काम करणारा माणूस बघतो तशी. "चांगली गाठ आहे," म्हणाले. "माझी शिलाई सुटते कधीकधी. ही सुटली नसती."

मी म्हटलं, "काका, मारा मला."

"आपल्यात मारतात का?" मग टोपी काढली, आणि रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत म्हणाले, "माफ केलं. तुला पण, एनसला पण." काकूंनीही म्हटलं, त्यांच्यामागून. मग त्या आत गेल्या आणि चुलीपाशी उभा असलेला तो उजवा बूट घेऊन आल्या. "हाही ने. एकटा किती दिवस उभा राहणार?" पायाशेजारीच पुरला मी तो.

सत्तावीस एप्रिल आली आणि गेली. काका शहरात गेले नाहीत. बोटं मोकळी आहेत, ओढणं थांबलं, यंत्र चालवतात, घोड्याला शिव्या देतात. आईला वाटतं मी चमत्कार केला. मी दाराआड उभी राहून ऐकते आणि आत जात नाही.

आता जे लिहायला थांबले होते ते. पुढच्या गुरुवारी मी खुर्चीपाशी बसले. उजवा दाबला. डाव्यासाठी हात पुढे केले, जिथे असायला हवा तिथे. काही नव्हतं. नुसती हवा. खरीखुरी, पहिल्यांदाच. मी काकांकडे बघितलं. ते ओशाळले होते.

"मागे घेतलाय मी," म्हणाले. "म्हणजे मी नाही, त्यानेच घेतलाय. तुझा हात आला की आखडतो."

"पण तुम्ही माफ केलंत ना, काका?"

"मी केलं. त्याला विचारायचं राहिलं." मग टोपी तोंडावर ओढत म्हणाले, "अजून कुणाचा हात नको त्याला. काकूचाही नको. ये तू. बसत जा."

तर बसते. तीन गुरुवार झाले. हात पुढे करून अर्धा तास. कुणी दारातून बघितलं तर वाटेल पोरगी शेकोटीवर हात शेकतेय. मी चेष्टा करत नाही, काकाच करतात. परवा म्हणाले, "एवढा वेळ शाळेत गप्प बसली असतीस तर मास्तरीण झाली असतीस."

तू ये. खांदे रुंद असतील तुझे, पण ते ओझं आता माझ्याकडे आहे, तू रिकामे खांदे घेऊन तिथे काय करतोस? आल्यावर खुर्चीत बस, तुझेही तळवे बघते. एवढ्या खोटेपणाची कणी कुठेतरी साचलीच असणार.

आज चौथा गुरुवार. हात पुढे धरून बसले होते, मनात वासराला पाणी दाखवायचं राहिलं हे चाललं होतं, आणि डाव्या हाताच्या चिमटीत काहीतरी आलं. उबदार. जाड. टोपीखाली काकांचा श्वास थांबला. मी हलले नाही. झाकला नाही, दाबला नाही, नुसता राहू दिला.

अंगठा होता. फक्त अंगठा दिलाय त्याने.

नकाशात अंगठा म्हणजे डोकं. हृदय तिथून चार बोटं पलीकडे आहे.

ड्रुसी